‘नको’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाण्याविषयी: मराठी मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, वसई आणि पुणे येथील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक व धर्मगुरू, पास्टरेट कमिट्या, धर्मग्राम समित्या, महिला मंडळे आणि तरुण संघ यांस

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

नाताळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांत ब्लँकेटांची वर्गणी सुरू होते. डिसेंबरातल्या एका रात्री टेम्पो निघतो. स्टेशनाबाहेर, पुलाखाली, इस्पितळाच्या भिंतीलगत झोपलेल्यांच्या अंगावर ब्लँकेटे पांघरली जातात, फोटो निघतात. आणि दरवर्षी त्याच रात्री कोणीतरी ‘नको’ म्हणते. कोणी ब्लँकेट परत ढकलते, कोणी शिवी देते, कोणी निवाऱ्याच्या गाडीकडे बघतही नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मग पुढच्या सभेत ठरलेले वाक्य येते: “त्यांनाच सुधारायचं नाही, आपण काय करणार?” हे पत्र त्या वाक्यासाठी लिहिले आहे. ते वाक्य बोलणारे लोक निष्ठुर नाहीत, दमलेले आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही ते वाक्य चुकीचे आहे, आणि त्यामुळे माणसे मरतात.

रस्त्यावरचे ‘नको’ एकाच प्रकारचे नसते. ‘आत्ता नको’ असते, ‘तुमच्याकडून नको’ असते, ‘ही वस्तू नको’ असते, आणि कधीकधी ‘मला जगणंच नको’ असते. चारही वेळा तोंडातून शब्द एकच येतो. तो कोणत्या जातीचा आहे हे पहिल्या भेटीत कळत नाही. पुष्कळदा चौथ्या-पाचव्या भेटीतही कळत नाही. आपण मात्र वर्षातून एकदाच जातो.

सगळ्यात जास्त नकार निवाऱ्याला मिळतो, म्हणून आधी त्याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांतल्या बेघरांसाठी जे आदेश दिले, त्यांतून दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास, बारा महिने उघडा असणारा एक निवारा हे प्रमाण रूढ झाले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातल्या शहरी बेघर निवारा योजनेत तेच प्रमाण आले, माणशी ५० चौरस फूट जागेच्या नियमासह. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षात त्या आकड्याच्या जवळपासही आपण नाही. त्याच जनगणनेने मुंबईत ५७ हजारांहून अधिक बेघर माणसे मोजली, तीही २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत जेवढी दिसली तेवढीच. तेव्हा “निवाऱ्यात यायला नाही म्हणाला” असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न हा विचारा की निवारा होता कुठे, आणि त्यात त्या रात्री जागा होती का.

जागा असली तरी माणूस का जात नाही? बहुतेक निवारे पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. नवरा-बायको एकत्र राहू शकतील असे फार थोडे. वीस वर्षे एकमेकांच्या आधाराने फूटपाथवर काढलेल्या जोडप्याला ताटातूट नको असते. दारे रात्री ठरलेल्या वेळी बंद होतात. लग्नाच्या हॉलवर वाढप्याचे काम करणारा माणूस रात्री दीडला सुटतो आणि कचरा वेचणारी बाई पहाटे चारला निघते. दहाला बंद होऊन सहाला उघडणारे दार दोघांच्याही कामाचे नाही. बोचके आत नेऊ देत नाहीत, आणि बाहेर ठेवले तर सकाळी मिळत नाही. कुत्र्याला आत परवानगी नसते. ढेकूण असतात, चोऱ्या होतात. आधारकार्डाची झेरॉक्स मागतात. तंबाखूची पुडी दारात काढून घेतात. यातली कुठलीही एक गोष्ट नकाराला पुरेशी आहे, आणि विचारले तर माणसे ती सांगतात. आपण मात्र “चला ना, तिथं छान सोय आहे” एवढेच म्हणत राहतो.

याहून मोठे कारण ‘जागा’ हे आहे. फूटपाथवर राहणारा माणूस “माझी जागा” म्हणतो तेव्हा त्यात खूप काही असते: उधारीवर चहा देणारा टपरीवाला, रात्री हटकत नाही असा वॉचमन, पैसे थकले तरी चालवून घेणारा शौचालयावरचा माणूस, आजारी पडल्यावर पाणी आणून देणारी शेजारीण, आणि कामाला बोलावणारा मुकादम, जो त्याला तिथेच शोधायला येतो. ही जमवाजमव व्हायला वर्षे लागतात, आणि दोन रात्री जागा रिकामी राहिली की दुसरा कोणी तिथे पथारी टाकतो. आपण एका रात्रीच्या छपराच्या बदल्यात त्याला हे सगळे सोडायला सांगत असतो. त्याचा नकार हिशेबाला धरूनच असतो.

आणि भीती. मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा १९५९ चा आहे आणि महाराष्ट्रात तो आजही आहे. त्यातली ‘भीक मागणे’ याची व्याख्या इतकी सैल आहे की पोट भरण्याचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो किंवा थांबतो, एवढ्यावरूनही माणूस तिच्यात बसू शकतो. वॉरंटशिवाय पकडता येते, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली अटकेची आणि शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता. चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाचे नाव मुंबईच्या फूटपाथवर सगळ्यांना माहीत आहे. रात्री अकराला अनोळखी माणसे गाडी थांबवतात आणि म्हणतात, “बसा, चांगल्या ठिकाणी नेतो.” त्या गाडीवर क्रूस आहे की सरकारी पाटी, हे अर्धवट झोपेतल्या माणसाने कसे ओळखायचे?

ही भीती नवी नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो मुलींना केडगाव-पुण्याकडे घेऊन आल्या. मिशनवाले मुलींना उलटे टांगून त्यांच्या अंगातले तेल काढतात अशी अफवा त्या काळी होती, आणि पोटात अन्नाचा कण नसलेल्या मुलीही तिच्यामुळे घाबरलेल्या असत. रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा वारसा सांगणाऱ्या आपण एवढे लक्षात ठेवावे की भूक कितीही मोठी असली तरी ती भीतीला आपोआप हरवत नाही.

आता वस्तूंचे. मुंबईत डिसेंबरच्या रात्री पारा बहुधा सोळा-सतराच्या खाली जात नाही. तिथे जाड ब्लँकेट हे ओझे आहे. दिवसा ठेवायला जागा नाही, आणि महापालिकेची गाडी आली की ते पहिले जाते. मुंबईत हवी असते सुती चादर, ती थंडीपेक्षा डासांसाठी, दिव्याच्या उजेडासाठी आणि लोकांच्या नजरेपासून तोंड झाकण्यासाठी. पुण्यात पारा दहाच्या आसपास येतो, तिथे ब्लँकेट खरेच लागते. जूनमध्ये दोन्हीकडे लागते सहा बाय आठ फुटांची ताडपत्री आणि पाच मीटर नायलॉनची दोरी, आणि नेमके तेव्हा कोणी येत नाही. याशिवाय रबरी चपला (मापे विचारून, सरसकट आठ नंबर नव्हे), अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, नेलकटर, एक लिटरची झाकणाची बाटली, ओआरएसची पाकिटे. यातले फोटोत शोभण्यासारखे काही नाही, म्हणूनही कदाचित ते वाटले जात नाही.

जेवण नाकारले जाते तेव्हा आधी दात बघा. पुढचे-मागचे दात गेलेल्या माणसाला गार चपाती चावत नाही. मऊ खिचडी किंवा वरणभात तो घेईल. एकाच रविवारी एकाच पुलाखाली तीन गटांची बिर्याणी येते आणि मंगळवारी कोणी नसते, हेही होते. तिसऱ्या गटाला ‘नको’ ऐकू येते, मग ते म्हणतात की माजलेत. आपल्या भागातल्या गुरुद्वारात, दर्ग्यात, मठात, इतर मंडळ्यांत कोण कधी वाटते याची चौकशी करून मोकळा वार धरा. अर्ध्या तासाचे काम आहे. एक सावधगिरी मात्र पाळा: पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेला, अगदी खंगलेला माणूस असेल तर त्याला एकदम पोटभर जेवू घालू नका. रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदय बंद पडू शकते. थोडे-थोडे द्या आणि त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवा.

जायचे कसे, हे आम्ही नेमके सांगतो, कारण इथेच बहुतेक गाडे बिघडते. दोघे किंवा तिघे जा, त्यात एक तरी बाई असू द्या. दहा जणांचा घोळका आला की माणूस आधी पळायची वाट शोधतो. आठवड्याचा एकच वार, एकच वेळ, तीच माणसे. झोपलेल्याला हात लावून उठवू नका. पायाच्या बाजूला उभे राहून आवाज द्या, तोंडावर टॉर्च मारू नका. चार-पाच फुटांवर, जरा तिरके, खाली बसा. समोर ठाकू नका आणि त्याची निघायची वाट अडवू नका. आपले नाव सांगा, त्याचे विचारा. नाही सांगितले तर राहू द्या. आपणही पिणार असाल तर चहा विचारा, कारण चहा सोबत पिता येतो आणि ब्लँकेट सोबत पांघरता येत नाही. पाच मिनिटांत उठा. “पुढच्या गुरुवारी याच वेळेला येतो” असे सांगा, आणि या. गुरुवार चुकला तर मागचे सगळे गुरुवार वाया जातात, म्हणून बदली माणूस आधीपासून ओळखीचा करून ठेवा. दोन-अडीच महिने कशाचीच अपेक्षा धरू नका.

एक वही ठेवा. प्रत्येक माणसाला एक पान, प्रत्येक भेटीला एक ओळ: तारीख, कशाला नको म्हणाला, कशाला हो म्हणाला. दोन महिन्यांनी ते पान वाचले की दिसते की जेवण सहा वेळा नाकारले पण पाणी दर वेळी घेतले, निवारा नाकारला पण पायाच्या जखमेबद्दल दोनदा स्वतःहून बोलला. पुढचे पाऊल जखमेचे, हे मग वहीच सांगते. वहीत आडनाव, धर्म, जात लिहू नका. ती कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

शुभवर्तमानातला बार्तीमय आंधळा होता हे यरीहोच्या रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसत होते. तरी प्रभूने त्याला विचारलेच, की मी तुझ्यासाठी काय करावे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्याला विचारले, तुला बरे व्हायची इच्छा आहे का. आपल्या प्रवचनांत हे प्रश्न वरवरचे म्हणून निसटतात. रस्त्यावर काम करताना कळते की हा प्रश्न टाळला तर पुढचे काहीच होत नाही. ज्याला दिवसभरात सगळे फक्त हुकूम सोडतात, ‘ऊठ’, ‘हो बाजूला’, ‘चल’, त्याला कोणीतरी मत विचारणे हीच पहिली सेवा आहे. तो श्रीमंत तरुण आठवा. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, आणि तो खिन्न होऊन निघून गेला. प्रभू त्याच्या मागे धावला नाही, त्याला शिव्याही दिल्या नाहीत. नकार देणाऱ्यावर प्रीती कशी करतात ते त्या दोन-तीन ओळींत आहे. आणि रतामाच्या झुडपाखाली ‘आता मरण दे’ म्हणून निजलेला एलीया संदेष्टा. देवदूताने त्याला निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो जेवला आणि परत झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा तेच. पहिल्या फेरीत एक प्रश्नही नाही. उपदेश झाला तो चाळीस दिवसांनी, डोंगरावर.

म्हणून आमची कळकळीची विनंती: भाकरीच्या आधी प्रार्थनेची अट घालू नका. रांगेत उभे करून गाणे म्हणवून घेणे, पाकिटात पत्रिका घालणे, नाव लिहून घेताना “तुम्ही येशूला ओळखता का” विचारणे, हे सगळे थांबवा. आपल्याला वाटते आपण साक्ष देतो आहोत. समोरच्याला वाटते जेवणाची किंमत मागतात, आणि भुकेलेला माणूस ती किंमत नाइलाजाने चुकवतो किंवा ‘नको’ म्हणून मान राखतो. त्याने स्वतः “माझ्यासाठी प्रार्थना करा” म्हटले तर तिथेच, त्याच्या शेजारी बसून, थोडक्यात करा. असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

फोटोंबद्दलही तेवढ्याच स्पष्टपणे. केस भादरून, पाइपने अंघोळ घालून, नवे कपडे चढवून केलेले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे व्हिडिओ आपल्या तरुणांच्या मोबाइलवर फिरतात आणि काही मंडळ्यांत तसे करायची चढाओढ लागली आहे. विरोध करणाऱ्या माणसाला दोघांनी धरून केस कापणे याला मारहाण म्हणतात. बायकांच्या बाबतीत तर ते जास्तच घातक आहे. रस्त्यावर एकटी राहणारी बाई पुष्कळदा मुद्दाम अस्वच्छ राहते. मळके कपडे, जटा, वास हे तिचे रात्रीचे कवच असते. ते काढून, स्वच्छ करून तिला त्याच फूटपाथवर सोडून आपण घरी जातो, आणि पुढे काय होऊ शकते याचा विचार करत नाही.

ज्यांचे मन आजारी आहे त्यांच्या नकाराबद्दल वेगळे बोलायला हवे. कानात आवाज ऐकू येणाऱ्या, अन्नात विष घालतात असा संशय असलेल्या माणसाला शिजवलेले ताट पुढे केले की तो भिरकावतो. त्याला सीलबंद बिस्किटाचा पुडा, न सोललेले केळे, न उघडलेली पाण्याची बाटली द्या. उघडायचे त्याचे त्याला उघडू द्या. बोलण्यातल्या भ्रमाशी वाद घालू नका, त्याला दुजोराही देऊ नका. “तुम्हाला भीती वाटते आहे, मी इथे बसलोय” एवढे पुरते. आणि अन्नात गुपचूप गोळी मिसळू नका. त्याचा संशय तुम्ही खरा ठरवाल, पुन्हा कोणाच्याच हातचे तो खाणार नाही.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे, पण तो पोलीस ठाण्यांतही सगळ्यांना पाठ नसतो, म्हणून आपण पाठ करावा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७, कलम १००. मनाने आजारी असून स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे मानायला कारण असलेला माणूस हद्दीत भटकताना आढळला, तर त्याला संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. का घेतले हे त्याला सांगायचे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. भरती करण्याची गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले आणि माणूस बेघर असेल, तर सरकारी बेघर निवाऱ्यात पोहोचवायचे. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणे हेही ठाण्याचेच काम. भरती झालीच तर कलम ८९ नुसार सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत हे सगळे होऊ शकते. जाताना कलमाचा क्रमांक कागदावर लिहून न्या, विनयाने बोला, आणि दोन तास थांबायच्या तयारीने जा.

याच अधिनियमाचे कलम ४ प्रत्येक पास्टरेट कमिटीत मोठ्याने वाचावे असे आहे. आपल्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता कोणाला आहे? ज्याला दिलेली माहिती समजते, किंवा निर्णयाचे परिणाम उमगतात, किंवा जो बोलून, हावभावाने वा खुणेने आपला निर्णय कळवू शकतो, त्याला. आणि पुढे: निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असे ठरत नाही. दारू पिणारा, मळका, शिव्या देणारा माणूसही यात बसतो. त्याचे ‘नको’ हे ‘नको’च.

दारूचा विषय निघालाच आहे तर हे नीट समजून घ्या. रोज भरपूर पिणारा माणूस “आत दारू चालत नाही” म्हणून निवारा किंवा इस्पितळ नाकारतो, तेव्हा त्यामागे चैन असते असे आपण धरून चालतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत त्याचे हात थरथरू लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, ताप, धडधड, आणि यात माणूस दगावतो. हे त्याने स्वतः किंवा शेजारच्याने भोगलेले असते. अशा माणसाला एका रात्रीत ‘बाटली टाक आणि वचन दे’ म्हणणे धोक्याचे आहे. दारू सोडवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधांसह. शपथ नंतर.

‘नको’ मानायचे नाही असे प्रसंग थोडे आहेत, पण ते ओळखता आले पाहिजेत. बेशुद्ध आहे, झटके येत आहेत, छातीत कळ, श्वास लागला आहे, रक्त थांबत नाही, उन्हात अंग भाजल्यासारखे तापून बडबडतो आहे, पावसाळ्यात ताप येऊन डोळे पिवळे झाले आहेत, जखम काळी पडून वास येतो आहे आणि थंडी वाजते आहे, किंवा जीव द्यायची भाषा करतो आहे. अशा वेळी १०८ ला फोन. मनाच्या संकटासाठी टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो. जखमेत अळ्या दिसल्या तर चिमट्याने किंवा कुठल्याशा तेलाने स्वतः प्रयोग करू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका आणि न्या. शुद्धीवर असलेला माणूस तरीही नाही म्हणाला, तर ओढू नका. डॉक्टरलाच तिथे आणता येते का बघा. मंडळीत परिचारिका असतातच, निवृत्तही असतात. त्यांच्यापैकी एक गुरुवारच्या फेरीत असेल तर निम्म्या जखमा इस्पितळापर्यंत जाणारही नाहीत.

आणि इस्पितळात खरी अडचण खाटेची असते तितकीच ‘सोबत’ची असते. “याच्याबरोबर कोण आहे?” या प्रश्नाला उत्तर नसले की रुग्णवाहिकेपासून वॉर्डापर्यंत सगळे कचरतात. रक्त तपासायला नमुना कोण नेणार, एक्स-रेला ट्रॉली कोण ढकलणार, लघवीचे भांडे कोण देणार? म्हणून पहिल्याच रात्री तो सलाइन काढून पळतो, आणि पुढच्या वेळी इस्पितळाचे नाव काढू देत नाही. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने लुटलेल्या वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्याला उतारशाळेत नेले इथवर आपण सांगतो. तो त्या रात्री तिथेच राहिला, सकाळी दोन दीनार दिले, आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन म्हणाला. राहणे आणि परत येणे. मंडळीने आठ जणांची यादी करावी, चार पुरुष, चार बाया, पहिल्या तीन रात्री पाळीपाळीने थांबणारी. वॉर्डात पोहोचताच वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे, मोफत उपचारांचे कागद तोच करतो. आणि बोचके, कुत्रे, जागा कोण सांभाळते आहे हे माणसाला सांगावे. तेवढ्यासाठी तो राहतो.

आता आपल्या आवाराबद्दल. बहुतेक मंडळ्यांचे हॉल सोमवार ते शनिवार कुलपात असतात. निवारा चालवा असे आम्ही म्हणत नाही, त्याला परवानग्या आणि पगारी माणसे लागतात. पण निवारा नाकारणारा माणूस ज्याला हसत हो म्हणेल अशा चार गोष्टी तिथे होऊ शकतात. आठवड्यातून दोन सकाळी अंघोळ: माणशी वीस लिटरची एक बादली, साबणाची छोटी वडी, स्वतंत्र टॉवेल, आतून कडी लागणारे दार. दोन तासांत दहा-बारा जण होतात, बायकांची वेळ वेगळी ठेवा. एका भिंतीला कुलपाच्या लोखंडी पेट्या, किल्ली त्याच्याकडे. मोबाइल चार्ज करायला पट्टी. आणि पत्रांसाठी पत्ता. मतदार यादीत नाव घालताना बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. अर्जात लिहिलेल्या जागी तो खरेच झोपतो का हे अधिकारी रात्री येऊन पाहतो. पण बँकेचे, आधारचे, गावच्या भावाचे पत्र यायला कुठेतरी पेटी हवी असते. आधार हवे असेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला चालतो, तेव्हा जवळच्या निवाऱ्याशी ओळख ठेवा.

अंघोळ सुरू केली की खरूज समोर येणारच. मलम एकट्याला देऊन उपयोग नाही, जवळ झोपणाऱ्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायला हवे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाच टक्के परमेथ्रिन, मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर, आणि आठवड्याने पुन्हा. कपडे गरम पाण्यात, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस. हे पाळले नाही तर महिन्याभरात सगळे परत खाजवत बसतात, आणि “तुमच्या औषधाने काही होत नाही” हे नवे ‘नको’ तयार होते.

काही माणसे वर्षभरानेही नाहीच म्हणतील. त्यांच्या पानावर ‘पाणी घेतले’ एवढीच ओळ राहील. त्यांना यादीतून काढू नका. गरसेकरांच्या प्रदेशातल्या थडग्यांमधल्या माणसाला गावाने पुष्कळदा साखळ्यांनी बांधले होते, आणि “माझ्या वाटेला का जातोस” असेच तो प्रभूलाही ओरडून म्हणाला. प्रभूने त्याचे नाव विचारले. बरा झाल्यावर तो बरोबर यायला निघाला, तेव्हा त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठवले. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे काम हेच आहे: रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार आणि मग घर शोधून पोहोचवणे. २०१८ मध्ये त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या मंडळ्यांत तेलुगू, हिंदी, कन्नड, तमिळ बोलणारी माणसे आहेत. गावाचे नाव पुटपुटणाऱ्याची भाषा ओळखणे एवढे तरी ती करू शकतात.

या महिन्याच्या सभेत ब्लँकेटांची रक्कम मंजूर करताना पुढचे ठरवून घ्यावे अशी मागणी आहे. त्या रकमेचा निम्मा भाग जूनच्या ताडपत्र्यांसाठी बाजूला ठेवावा. टेम्पोबरोबर कॅमेरा जाणार नाही असा ठराव करावा. आणि इतिवृत्तात जानेवारीपासून जूनपर्यंत दर आठवड्याला जाणाऱ्या तिघांची नावे, बदली माणसाचे नाव, वार, वेळ आणि फूटपाथचा पत्ता लिहावा. नावे मिळाली नाहीत तर या वर्षी टेम्पो काढू नये.

प्रभूच्या सेवेत आपले,
मुंबई आणि पुण्यात रस्त्यावरील बेघरांसोबत काम करणारे काही ख्रिस्ती कार्यकर्ते